सुईण अजूनही मागच्या दारानेच!



या पानावर आपण एरवी मराठी शाळांची घटती पटसंख्या, मंडळांच्या जागांचे वाद आणि निवडणुकीत मराठी माणसाला न मिळणारे तिकीट यांवर बोलतो. या वेळी मी बाळंतिणीच्या खोलीविषयी लिहीत आहे. काही ज्येष्ठांना हा विषय पुरुषाने, त्यातून मंडळाच्या पत्रिकेत लिहिण्याचा वाटणार नाही. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे आणि मग रागवावे.

माझी एक भाची सरकारी परिचर्या शाळेतून जीएनएम झाली. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. आजाऱ्याची शुश्रूषा आणि बाळंतपण, दोन्हींचे शिक्षण. जागा गुणवत्तेवर मिळाली. फी नाममात्र, वसतिगृह सरकारी, शिकवणाऱ्या सिस्टर सरकारी पगारावर, आणि खरे शिक्षण सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात. तीन वर्षे पोरीने रात्रीचा दिवस केला. सनद मिळाली तेव्हा आमच्या ताईने सोसायटीत पेढे वाटले.

आज त्याला दोन वर्षे झाली. ती एका खाजगी नर्सिंग होममध्ये महिना अकरा हजारांवर रात्रपाळी करते. सलाइन लावणे, फाइल लिहिणे, बिल भरले की नाही ते काउंटरला विचारून येणे, ही तिची कामे. दिवाळीत घरी आली तेव्हा मी सहज विचारले, “काय गं, आतापर्यंत किती बाळंतपणं केलीस?” ती म्हणाली, “मामा, शिकताना वहीत नोंदवली तेवढीच. नोकरी लागल्यापासून एकही नाही. आमच्याकडे बहुतेक बाळं ऑपरेशननेच येतात. हात विसरत चाललाय माझा.”

हात विसरत चाललाय! वाचकहो, हे एका मुलीचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देऊ नका. तो हात घडवायला तुमच्या-आमच्या कराचा पैसा लागला आहे. ज्या शासनाने तो घडवला, त्याच शासनाच्या आरोग्य केंद्रांत बाळंतपणाला माणसे पुरत नाहीत. शिकवायला पैसा आहे, नेमायला नाही, हा कुठला हिशेब? माझे सारे म्हणणे या एका प्रश्नात आहे.

परसदाराची जुनी गोष्ट

आमच्या जुन्या वाड्यात माझे वडील आणि चार काका जन्माला आले ते एकाच सुईणीच्या हातून. आजी सांगायची, रात्री-अपरात्री निरोप गेला की ती कंदील घेऊन यायची आणि परसदाराने आत शिरायची. दिंडी दरवाजातून नाही. बाराव्या दिवशी तिला लुगडे, खण, नारळ आणि दोन पायल्या गहू मिळत. मग ती पुन्हा परसदारानेच जायची. ज्या बाईने घराण्याचे वंश हातात झेलले, तिला ओटीवर बसायला कोणी सांगितले नाही. विटाळाचे काम ते! काम हवे, पण काम करणारी नको, अशी आपली रीत होती. ती कबूल करायला आता लाज वाटू नये.

आपल्यातल्याच काही शहाण्या माणसांनी ही रीत मोडायचा प्रयत्न केला. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे यांच्या त्या संस्थेने विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणाला पाठवले. चांगल्या घरच्या बाईने परक्याची मलमूत्रे काढायची, हे तेव्हा कितीजणांच्या पचनी पडले असेल याची कल्पना करा. पण त्या शिकल्या, आणि सुईणपण हे अडाणी बाईचे हलके काम न राहता शिकून करायचे काम झाले.

इकडे आपल्या संस्थानांतही पुढे रुग्णालये उभी राहिली. इंदूरचे महाराजा तुकोजीराव होळकर रुग्णालय आणि ग्वाल्हेरचे कमलाराजा रुग्णालय ही नावे आपण अभिमानाने घेतो. नावे आपल्या राजघराण्यांची आहेत, यावर छाती फुगते. पण त्या इमारतींच्या प्रसूतिकक्षात आज उभी असलेली मुलगी कोणत्या अटींवर उभी आहे, हे आपण कधी विचारले आहे का?

सनद सुईणीची, काम भलतेच

सरकारी धोरणाचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यानंतर एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, ही खेड्यातली सुईण म्हणून घडवायची कल्पना होती. १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कार्यकर्त्यांची शिफारस केली. मग १९७७ मध्ये तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला आणि तिच्या खांद्यावर कुटुंबनियोजन, लसीकरण, हिवताप, नोंदवह्या असे एकेक ओझे चढत गेले. अभ्यासक्रम पुढे पुन्हा दोन वर्षांचा झाला, पण ओझे काही उतरले नाही. नावात प्रसाविका राहिली, हातातून प्रसूती गेली.

जीएनएम आणि बीएससी नर्सिंग झालेल्या मुलींचेही तेच. त्यांची नोंदणी परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी होते. म्हणजे कागदावर देशात सुईणींचा सुकाळ आहे. संसदेत शासनानेच सांगितले की नोंदणीकृत परिचारिका ३३ लाखांच्या वर आहेत. पण फक्त बाळंतपण हेच जिचे काम, तेच जिचे पद आणि तिथेच जिची बढती, अशी सुईण सरकारी आस्थापनेत शोधून सापडणे कठीण. आज प्रसूतिकक्षात, उद्या तापाच्या वॉर्डात, परवा लसीकरणाच्या शिबिरात अशी तिची फिरवाफिरव चालते. सुताराला एक दिवस गवंडी आणि एक दिवस लोहार करा, आणि मग दाराची चौकट तिरकी का झाली म्हणून विचारा, त्यातला हा प्रकार.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे खास शिक्षण देऊन त्यांचा स्वतंत्र संवर्ग उभा करायचा, असे त्यात ठरले. चांगली गोष्ट आहे, स्वागत करू या. पण संवर्ग म्हणजे काय? मंजूर पद, वेतनश्रेणी, बढतीची शिडी. ती राज्यांनी द्यायची. शिक्षण द्यायचे आणि पद द्यायचे नाही, हे म्हणजे पंगत मांडायची, पाने मांडायची आणि वाढपीच बोलवायचे नाहीत.

गरज नाही असे कोण म्हणतो?

काही विद्वान म्हणतात, मागणीच कमी असेल, म्हणून जागा नाहीत. त्यांच्यासाठी चार आकडे.

२००५-०६ साली मध्यप्रदेशात दवाखान्यात होणारी बाळंतपणे शंभरात तीसपेक्षा कमी होती. त्याच सुमारास राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली. खेड्यातल्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यास १४०० रुपये मिळू लागले, आशा कार्यकर्त्या घरोघर गेल्या, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण नव्वदच्या वर गेले. पंधरा वर्षांत तिपटीहून अधिक बाया दवाखान्याच्या दारात आल्या. शासनाने बोलावले म्हणून आल्या. आता त्यांना झेलायला हात नकोत का?

मातामृत्यूचे प्रमाण पाहा. २०१८-२० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३, आणि आपल्या मध्यप्रदेशात १७३. त्यानंतर आपला आकडा खाली आला आहे, पण महाराष्ट्र अजून फार लांब आहे. आपण दर उन्हाळ्यात ज्या पुण्या-नाशकाच्या नातेवाइकांकडे जातो, त्यांच्या आणि आपल्या लेकीसुनांच्या जिवाच्या जोखमीत इतके अंतर का असावे? इमारत बांधून बाई वाचत नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे हे ज्या हातांना ठाऊक असते, त्या हातांनी ती वाचते.

आणि शहरातल्या आपल्या घरांचे काय? त्याच पाहणीत देशभरच्या खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद आहे. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. खाजगीत जवळजवळ निम्मी पोटे कापली जातात, आणि त्यातल्या प्रत्येक बाईला तशी गरज असते असे कोणता प्रामाणिक डॉक्टर म्हणेल? बाळंतपणाला धीर लागतो. बाईजवळ दहा-बारा तास बसणारे, कमर चोळून देणारे, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणारे आणि खरी अडचण दिसताच डॉक्टरला हाक मारणारे माणूस लागते. ते माणूस म्हणजे सुईण. आपण तिला रात्रपाळीला बिले तपासायला बसवले आहे.

मागच्या दाराची नेमणूक

२००५ पासून आरोग्य अभियानात उपकेंद्रासाठी दुसरी एएनएम घ्यायची सोय झाली, ती संविदेवर. महाराष्ट्रात ज्याला कंत्राटी म्हणतात, त्याला आपल्याकडे संविदा म्हणतात. शब्द संस्कृत असल्याने भारदस्त वाटतो, अर्थ तोच. २०१८ पासून उपकेंद्रांवर नेमलेले समुदाय आरोग्य अधिकारीही संविदेवरच. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही पद्धत वीस वर्षांत कायमची रीत होऊन बसली.

डिसेंबर २०२२ मध्ये मध्यप्रदेशातल्या संविदा आरोग्य कर्मचाऱ्यांनी संप केला. २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, शासनाने नवे संविदा धोरण आणले. नियमित पदाइतके वेतन आणि नियमित भरतीत निम्म्या जागा राखीव, अशी घोषणा झाली. निवडणूक जवळ आली की सरकारला सुईण आठवते, हे एक बरे. पण नेमणुकीचे मूळ स्वरूप संविदाच राहिले, आणि आज नव्याने सनद घेऊन बाहेर पडणारी मुलगी त्या रांगेत सर्वांत शेवटी आहे. तिच्या पुढे दहा-दहा वर्षे संविदेवर काढलेल्या ताया उभ्या आहेत. त्यांचा हक्क आधी, यात वाद नाही. पण एका भाकरीसाठी दोघींना भांडायला लावणारा कोण?

कायम करा म्हटले की शासकीय वकील २००६ चा उमादेवी निकाल पुढे करतात. मागच्या दाराने आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. आजीची सुईण मला इथे आठवते. मागचे दार तिने बांधले नव्हते. पुढचे दार वाडेकऱ्यांनी बंद ठेवले होते. वर्षानुवर्षे नियमित भरती करायची नाही, गरजू मुलींना संविदेच्या दारातून आत घ्यायचे, आणि मग न्यायालयात सांगायचे की या मागच्या दाराने आल्या! सर्वोच्च न्यायालयानेच २०१६ साली जगजितसिंग प्रकरणात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात तर न्यायालयाने बजावले की उमादेवी निकालाचा आडोसा घेऊन दीर्घकाळ राबणाऱ्यांना डावलता येणार नाही. भोपाळच्या मंत्रालयापर्यंत हे निकाल पोचायला किती वर्षे लागतात, ते पाहू.

कॉलेजे कागदावर, पैसा खरा

सार्वजनिक पैसा कसा वाया जातो याचा सर्वांत लाजिरवाणा नमुना आपल्याच राज्यात घडला. नर्सिंग कॉलेजला स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय असावे असा दंडक आहे. आपल्याकडे दोन-चार खोल्यांत कॉलेजे निघाली, रुग्णालये कागदावर निघाली आणि मान्यताही मिळाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सीबीआयला तपास दिला गेला. ३०८ कॉलेजांच्या पाहणीत १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अपात्र ठरली. आणि कळस असा की मे २०२४ मध्ये याच तपासातल्या निरीक्षकांना कॉलेजांकडून लाच घेताना सीबीआयला स्वतः पकडावे लागले. ज्यांना योग्य म्हटले होते त्यांचीही पाहणी पुन्हा करायचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. रखवालदारच चोराच्या पंगतीला!

या गोंधळात २०२०-२१ साली प्रवेश घेतलेल्या मुलींच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. बापाने शेत गहाण टाकून फी भरलेली मुलगी तीन वर्षांनंतरही पहिल्याच वर्षात! यात सार्वजनिक पैसा कुठे आला, असे विचाराल. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींची शिष्यवृत्ती केंद्र आणि राज्याच्या तिजोरीतून जाते. अशा कॉलेजांच्या मुली बस भरभरून प्रात्यक्षिकाला आणल्या जातात त्या सरकारी रुग्णालयातच. एका बाळंतिणीभोवती तीसजणी उभ्या, आणि जिने शिकायचे तिला दिसतात पुढच्या मुलीच्या खांद्याची हाडे. बाळंतिणीची विटंबना होते ती वेगळीच.

म्हणजे तिजोरी तीनदा रिकामी होते. एकदा नीट शिकवण्यात, एकदा खोट्या कॉलेजांना पोसण्यात, आणि तिसऱ्यांदा नीट शिकलेलीला घरी बसवून. शेवटचा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो हाताच्या विसरण्यात होतो.

परदेशी जाऊ द्या म्हणणाऱ्यांना

“इथे नाही तर जर्मनीला जाईल, इंग्लंडला जाईल, चार पैसे मिळवील,” असे आपल्यातले सुखवस्तू लोक म्हणतात. जाणाऱ्या मुलीला माझा आशीर्वाद आहे. केरळच्या परिचारिकांनी जगभर जाऊन घरे उभी केली, त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पण मुलीचे स्वातंत्र्य वेगळे आणि सरकारचे धोरण वेगळे. मध्यप्रदेशच्या तिजोरीतून सुईण घडवायची आणि तिने बर्लिनच्या बाळंतिणीचा हात धरायचा, तेव्हा झाबुआच्या बाळंतिणीने कोणाचा हात धरावा?

शिवाय इंग्लंडातही सारे सोने नाही. तिथल्या सरकारने २०१७ साली परिचारिका आणि सुईणींच्या विद्यार्थ्यांची जुनी शिष्यवृत्ती बंद करून फीच्या कर्जाचा बोजा त्यांच्यावर टाकला. २०२० पासून वर्षाला पाच हजार पौंडांचे अनुदान पुन्हा द्यावे लागले. आणि एवढे शिकून बाहेर पडलेल्या सुईणींना जागा नाहीत, अशी ओरड २०२५ मध्ये तिथेही झाली. प्रसूतिकक्षात माणसे कमी आणि शिकलेल्या सुईणी बेकार, दोन्ही एकाच वेळी. रोग तोच आहे. फरक इतकाच की तिथल्या सुईणींची संघटना बोलली, वर्तमानपत्रांनी उचलून धरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारला नव्या परिचारिका-सुईणींसाठी नोकरीची हमी जाहीर करावी लागली. ती हमी पुरी पडेल की नाही हे काळ ठरवील. पण शिकवले तर नेमायची जबाबदारी आपली, हे एका सरकारने तोंडाने मान्य केले.

इंग्लंड लांब आहे म्हणाल, तर हैदराबाद घ्या. तेलंगणात शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे २०१९-२१ मध्ये ६०.७ टक्के, देशात सर्वांत जास्त होती. हे लक्षण आधीपासून दिसत होते, म्हणून २०१७ पासून तिथल्या शासनाने हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशन आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारी सेवेतल्याच परिचारिका निवडल्या, त्यांना करीमनगरला अठरा महिने सुईणपण शिकवले आणि सरकारी रुग्णालयांत नेमले. आधी पद, मग शिक्षण, मग त्याच पदावर काम. शिक्षणाचा पैसा वाया जायला वावच ठेवला नाही. हे तेलंगणाला सुचते, मग माळव्याला का सुचू नये?

थोडे आपल्या घरातले

सरकारला इतके ऐकवल्यावर दोन शब्द आपल्याला. मंडळातल्या काहींना झोंबतील.

आपल्या समाजात डॉक्टर पुष्कळ आहेत, त्यांतल्या काहींची स्वतःची नर्सिंग होमे आहेत. गणेशोत्सवाला तेच मोठी देणगी देतात आणि आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो. द्यावेच. पण त्यांच्याकडे राबणाऱ्या सिस्टरला महिन्याला काय मिळते, हे एकदा विचारून पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून २०१६ साली केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितले होते की पन्नास खाटांपेक्षा लहान खाजगी दवाखान्यातही परिचारिकेला वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशे खाटांवरच्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा. केरळने २०१८ मध्ये किमान वीस हजार लागू केले. माझ्या भाचीला आजही अकरा हजार मिळतात. एवढ्या वर्षांची महागाई धरली तर समितीच्या वीस हजारांचे आज काय मोल असायला हवे, हे व्यापारी मंडळींनीच सांगावे.

दुसरे असे की आपण लग्न जुळवताना “मुलगी नर्स आहे” हे वाक्य अजून आवाज खाली करून बोलतो. रात्रपाळी असते ना! बँकेतली चालते, संगणकातली चालते, रात्री अमेरिकेशी फोनवर बोलणारीही चालते. बाळाचा पहिला श्वास ज्या हातावर होतो ती चालत नाही. आजीच्या वाड्याचे परसदार आपण पाडले, वाडाही पाडून फ्लॅट केले, पण ते दार मनात तसेच आहे. समाजाने ज्या कामाला मान दिला नाही, त्याला सरकार पद कशाला देईल? कोण विचारणार आहे त्याला?

काय मागायचे

गाऱ्हाणे पुष्कळ झाले. मागण्या स्पष्ट असाव्यात, म्हणून मांडतो.

१. सरकारी खर्चाने शिकवलेल्या प्रत्येक एएनएम, जीएनएम आणि बीएससी मुलीला सनद मिळताच सरकारी प्रसूतिकक्षात दोन वर्षांची पूर्ण पगाराची नेमणूक द्यावी. शिकलेला हात पक्का होईल आणि शासनाचा खर्च सेवेच्या रूपाने वसूल होईल. मुलीकडून सेवेचे बंधपत्र लिहून घ्यायचे असेल तर शासनानेही नेमणुकीचे बंधपत्र लिहून द्यावे. एकतर्फी बंध म्हणजे वेठ.

२. राज्यात सुईणींचा स्वतंत्र संवर्ग करावा, त्याला वेतनश्रेणी आणि बढती असावी, आणि नियमित भरती ठरलेल्या महिन्यात दरवर्षी व्हावी. आधीपासून संविदेवर असलेल्यांना त्यात पहिला हक्क द्यावा.

३. ज्या कॉलेजाचे रुग्णालय प्रत्यक्ष चालू नाही, त्याला मान्यता नको, शिष्यवृत्तीचा पैसा नको आणि सरकारी रुग्णालयात प्रात्यक्षिकाची परवानगीही नको. त्यातल्या मुलींना मात्र चांगल्या संस्थांत सामावून घ्यावे. अपराध त्यांचा नाही.

४. २०१६ च्या समितीच्या शिफारशी राज्यात कायद्याने लागू कराव्यात, आणि त्यातली रक्कम महागाईप्रमाणे वाढवावी.

५. प्रत्येक सरकारी प्रशिक्षण केंद्राचा वार्षिक हिशेब एका पानावर प्रसिद्ध करावा. किती शिकल्या, खर्च किती झाला, किती नेमल्या गेल्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. इंदूर, उज्जैन, देवास, धार, ग्वाल्हेर आणि भोपाळच्या मंडळांनी आपापल्या जिल्ह्याच्या केंद्राबाबत एकेक अर्ज टाकावा. दहा रुपयांचे काम आहे.

पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांना एकच उत्तर. पैसा आधीच खर्च झाला आहे. विहीर खणून झाली, पाणी लागले, आता दोर-बादलीला पैसे नाहीत म्हणणाऱ्या शेतकऱ्याला गावात काय म्हणतात ते सर्वांना माहीत आहे.

निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या हळदीकुंकवाला येतात. “मराठी समाज फार सुसंस्कृत” असे सांगून वाण वाटून जातात. पुढच्या वेळी पार्षद येवोत की विधायक, आपल्या भगिनींनी त्यांना बसवावे, चहा द्यावा आणि विचारावे, “आमच्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात काल रात्री बाळंतपण कोणी केले? तिची नेमणूक कायमची आहे की संविदेची? तिला पगार किती?” उत्तर आले नाही तर वाण परत करावे. दोनशे बायकांनी वाण परत केले तर भोपाळपर्यंत आवाज जातो. सभेतल्या भाषणाने तो जात नाही, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

भाचीने जर्मन भाषेचा वर्ग लावला आहे. परवा फोनवर म्हणाली, “मामा, तिकडे गेल्यावर निदान बाळंतपणं तरी करायला मिळतील ना?” मला उत्तर देता आले नाही. ज्या गावात तिची पणजी परसदाराच्या सुईणीच्या हातून बाळंत झाली, त्या गावाने शिकलेल्या सुईणीलाही पुढचे दार उघडले नाही, हे तिला कसे सांगू?

मंडळाच्या येत्या साधारण सभेत या पाच मागण्यांचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. डॉक्टर मंडळींपैकी कोणी उभे राहिले तर मला सर्वांत जास्त आनंद होईल.